एका पेगसाठी बदललेला झेंडा

एखाद्या मोठ्या क्रूझ जहाजाचा फोटो कधीतरी झूम करून बघा. मागच्या बाजूला जहाजाच्या नावाखाली एका बंदराचं नाव रंगवलेलं असतं. कंपनीचं ऑफिस अमेरिकेत, प्रवासी बहुतेक अमेरिकन, जहाज सुटतं मायामीहून, आणि मागे लिहिलेलं असतं पनामा, नाहीतर नसाऊ. आज याची कारणं विचारली तर कोणीही सांगेल, कर वाचतो आणि कामगार स्वस्त पडतात. पण अमेरिकन मालकांची प्रवासी जहाजं पहिल्यांदा पनामाच्या झेंड्याखाली गेली, त्यामागचं कारण वेगळंच होतं. बोटीवर दारू मिळावी म्हणून!

17 जानेवारी 1920 पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. बनवायची नाही, विकायची नाही, वाहून न्यायची नाही. जमिनीवर हे समजायला सोपं होतं (पाळायला नव्हतं, पण तो वेगळा एपिसोड). समुद्रावर मात्र गोंधळ. न्यूयॉर्कहून युरोपला जायला साधारण आठवडा लागायचा. त्या आठवड्यात अमेरिकन झेंड्याचं जहाज म्हणजे अमेरिका समजायची का? आणि ब्रिटिश जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं, की त्याच्या कोठारातल्या व्हिस्कीचं काय करायचं?

पहिली दोन-अडीच वर्षं सगळ्यांनी डोळेझाक केली. यातली खरी गंमत अशी, की तेव्हा अमेरिकेची कितीतरी प्रवासी जहाजं सरकारच्याच मालकीची होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून जप्त केलेली जहाजं 'शिपिंग बोर्ड' नावाचं सरकारी मंडळ चालवत होतं, आणि त्यांच्यावर बार उघडपणे सुरू होते. 1922 मध्ये बडवायझरवाल्या बुश घराण्यातल्या ऑगस्ट बुश यांनी थेट राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांना पत्र लिहून याची तक्रार केली. माझी बिअरची भट्टी बंद करायची आणि स्वतः बोटीवर दारू विकायची, हा कुठला न्याय? धंदा बुडालेल्या माणसाचा राग होता, पण मुद्दा बिनतोड होता.

ऑक्टोबर 1922 मध्ये ॲटर्नी जनरल डॉहर्टी यांनी मत दिलं: अमेरिकन जहाज जगात कुठेही असो, ते ड्राय. आणि परदेशी जहाज अमेरिकेच्या तीन सागरी मैलांच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून साधारण साडेपाच किलोमीटरच्या आत आलं, की त्यावर कुलूपबंद बाटलीसुद्धा चालणार नाही.

कंपन्यांच्या पोटात गोळा आला. कारण 1921 च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांवर कोटा बसला होता. तळमजल्यावर कोंबून आणलेल्या गरीब प्रवाशांच्या तिकिटांवर ज्यांचा धंदा उभा होता, त्यांना आता हौशी पर्यटक हवे होते. आणि ज्याच्या खिशात पैसा आहे, तो आठवडाभर लिंबू सरबत पीत अटलांटिक कशाला ओलांडेल? तो ब्रिटिश बोट पकडणार.

आता येतात आपले नायक, किंवा खलनायक, तुम्हीच ठरवा. ॲव्हरेल हॅरिमन. रेल्वेसम्राटाचा मुलगा, पुढे मॉस्कोत अमेरिकेचा राजदूत आणि न्यूयॉर्कचा गव्हर्नर. तेव्हा तो तिशीतला जहाजमालक होता. 'रिलायन्स' आणि 'रिझोल्यूट' ही जर्मनीत बांधलेली दोन देखणी जहाजं त्याच्या कंपनीकडे होती. (आपल्या रिलायन्सशी काही संबंध नाही!) त्याच्या कंपनीने 1922-23 च्या हिवाळ्यात या दोन्ही जहाजांची नोंदणी पनामात केली. मालक तेच, मार्ग तोच. फक्त झेंडा बदलला, आणि बार सुरू.

इकडे ब्रिटिश, फ्रेंच आणि काही अमेरिकन कंपन्याही कोर्टात गेल्या. 'क्युनार्ड विरुद्ध मेलन' या खटल्याचा निकाल 30 एप्रिल 1923 ला लागला. सुप्रीम कोर्टाने डॉहर्टींचं मत अर्धं उचललं, अर्धं फेकलं. अमेरिकन जहाज देशाच्या हद्दीबाहेर असेल तर दारूबंदी लागू नाही. पण हद्दीच्या आत सगळ्यांना लागू, मग झेंडा कोणाचाही असो. म्हणजे हॅरिमनच्या कंपनीला आता पनामाची गरजच उरली नव्हती! तरीही झेंडा परत आला नाही. 1926 मध्ये दोन्ही जहाजं जर्मन कंपनीला विकली जाईपर्यंत पनामाच राहिला.

त्याच जूनमध्ये ब्रिटिश सरकारचं सील लावलेले दारूसाठे घेऊन ब्रिटिश जहाजं न्यूयॉर्कला आली. कस्टमवाल्यांनी सील फोडून माल जप्त केला. दुसऱ्या देशाचं सरकारी सील फोडणं ही लहान गोष्ट नाही. शेवटी 1924 मध्ये दोन्ही देशांनी सौदा केला. ब्रिटिश जहाजांना कुलूपबंद दारू आणायची मुभा मिळाली, आणि बदल्यात अमेरिकेला संशयित ब्रिटिश बोटी किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत पकडता येऊ लागल्या. तासाभराचं अंतर, पण वेग कोणाचा धरायचा? तर ज्या बोटीवर संशय आहे तिचा, किंवा ती ज्या बोटीने माल किनाऱ्यावर पाठवणार तिचा. म्हणजे स्मगलरची बोट जितकी वेगवान, तितकी अमेरिकेची हद्द लांब! मला हा नियम भयंकर आवडतो.

सरकारी जहाजं मात्र कोर्टाची मुभा मिळूनही ड्रायच राहिली. त्यातलं सगळ्यात मोठं 'लेव्हायथन' सतत तोट्यात चाललं आणि 1938 मध्ये भंगारात गेलं. दारू हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण मदतही झाली नाही. उलट मंदीच्या काळात क्युनार्डने न्यूयॉर्कहून छोट्या स्वस्त सफरी काढल्या. कुठे जायचं हे महत्त्वाचं नव्हतंच. हद्द ओलांडायची, प्यायची, परत यायचं. 'बेरेंगारिया' नावाच्या भव्य जहाजाला लोक चिडवून 'बार्गेन एरिया' म्हणायला लागले.

5 डिसेंबर 1933 ला दारूबंदी उठली. पण जहाजमालकांना तोपर्यंत एक गोष्ट कळून चुकली होती. झेंडा बदलला की फक्त बारचा नियम बदलत नाही, जहाजावरचा कायदाच बदलतो. पगार किती, कामाचे तास किती, अपघात झाला तर दाद कुठे मागायची, सगळंच. पनामाने 1925 मध्ये कायदा करून परदेशी जहाजांसाठी दार नीट उघडलं होतं, आणि पुढे रांग लागली. 1948 पासून जगभरच्या वाहतूक कामगारांची संघटना, आयटीएफ, या 'सोयीच्या झेंड्यां'विरुद्ध मोहीम चालवते आहे.

रत्नागिरी, रायगड, गोव्यातली कितीतरी पोरं आज अशाच झेंड्यांखाली काम करतात. मालक एका देशात, एजंट दुसऱ्या देशात, झेंडा तिसऱ्याचा. मालकाने पगार थांबवला आणि जहाज कुठल्यातरी बंदरात टाकून दिलं, तर आधी हेच शोधावं लागतं की तक्रार करायची कुठे. अलीकडच्या वर्षांत असं वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांमध्ये भारतीयांची संख्या मोठी आहे. तुमच्या घरातलं, गावातलं कोणी बोटीवर निघालं असेल, तर सही करण्याआधी करारात झेंडा कोणाचा लिहिलाय आणि त्या जहाजाला आयटीएफचा करार लागू आहे का, एवढं नक्की बघायला सांगा.