कुलाब्याचे चुंबक आणि वाऱ्याची तार

पाचोडच्या मळ्यांत मोसंबीला पाणी देणारी मोटार सुरू झाली की शेजारचा रेडिओ खरखरतो, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. त्याच खरखरीपायी एका वेधशाळेला घर सोडावे लागले, त्याची ही हकिकत.

मुंबईची कुलाबा वेधशाळा 1826 सालची. तेथे वारा मोजला जाई, तसेच पृथ्वीचे चुंबकत्वही. वाऱ्याच्या यंत्राला वाट्या असत. त्यांच्या फेऱ्यांवरून वेग कळे. टांगलेले चुंबक मात्र फार नाजूक. सप्टेंबर 1859 चे प्रचंड चुंबकीय वादळ तेथे नोंदले गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या ट्रॅमऐवजी विजेची ट्रॅम आणण्याचे घाटले. घोडे सुटले हे चांगलेच झाले! पण ट्रॅमची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. वाटेत काही जमिनीत झिरपते. वीज वाहते तेथे चुंबकत्व उपजतेच. मग कागदावर उमटे ती नोंद पृथ्वीची म्हणावी की ट्रॅमची? वाट्यांना हा उपद्रव नव्हता. हवामानाच्या नोंदी कुलाब्यासच राहिल्या. चुंबकांना जागा शोधावी लागली.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीत चुंबकाला न खेचणारा पोरबंदरी दगड वापरला, लोखंड कटाक्षाने टाळले. खरी शहाणपणाची गोष्ट पुढेच आहे. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. जुना वेतनकरार संपण्याआधी नवा हाती असावा, यासाठी आम्ही कामगार किती भांडतो! 1907 साली विजेची ट्रॅम धावली. तोवर जोडणी पुरी झाली होती.

वाऱ्याच्या यंत्रांवर ही पाळी पुढे आली. केसाहून बारीक तार विजेने तापवायची. वारा तिला निववतो, तिचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून वेग काढतात. हा बदल इतका सूक्ष्म की शेजारच्या वायरीतली 50 आवर्तनांची वीजही त्यात मिसळते. उपाय साधे: दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून न्याव्यात, त्यांवर धातूची जाळी चढवावी, पंख्याच्या मोटारीपासून दूर ठेवाव्यात. आणि अर्थिंग एकाच ठिकाणी करावे. दोन ठिकाणी केले तर दोन्हीकडची जमीन विजेच्या दृष्टीने समान नसते. त्या फरकाने वायरीतून नको ती वीज फिरते. ट्रॅमच्या रुळांचे दुखणे थोडेफार हेच.

मुंबईची शेवटची ट्रॅम 31 मार्च 1964 रोजी धावली. पण 1925 पासून लोकलगाड्याही विजेवर धावू लागल्या होत्या. चुंबके अलिबागेसच राहिली.