वाडीवरचं मडकं

कर्जत सोडून गाडी बोरघाटाला लागली की पळसदरी, जांबरुंग आणि मग ठाकुरवाडी. गाडीतल्या माणसाला ती रुळांकाठची पाटी. आमच्या कुंभारघरात मात्र ठाकुरवाडी म्हणजे गिऱ्हाईक. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत या नावाच्या वाड्या कितीतरी, आणि आजोबांना त्यांतल्या बहुतेक पायवाटा पाठ होत्या.

आजी सांगायची, खांद्यावर कावड, दोन्ही अंगांना भाताच्या पेंढ्यात बसवलेली गाडगी. चढण संपेपर्यंत एखादं तडकायचंच. भाव ठरलेला: मडकं भातानं भरायचं, भात आपला, मडकं त्यांचं. पीक बुडालं त्या वर्षी करांदे, नाहीतर मध.

वाडीवर एक म्हातारी होती. मडकं कानाशी धरून ती बोटाच्या पेरानं वाजवायची. बद्द वाजलं की म्हणायची, “दादा, याला आवाज नाय,” आणि खाली ठेवायची. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवून नामदेवांना कच्चं ठरवलं, ती गोष्ट ऐकताना मला ही म्हातारीच दिसायची.

आजोबा चिडायचे नाहीत. घरी येऊन माती बदलायचे. पाण्याच्या मडक्याच्या मातीत राख आणि घोड्याची लीद. आव्यात लीद जळते, बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपतं, उडतं आणि आतलं गार होतं. पण वाडीला पोपटीचंही मडकं हवं असायचं. आत भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा, पाण्याचा थेंब नाही, उपडं घालून भोवती जाळ. तिथं लिदीची माती टिकत नाही. त्यासाठी ते नदीची बारीक रेती चाळून घ्यायचे, किती ते तळहातावर चोळून ठरवायचे. चाकावरून उतरलेल्या मडक्याला बूड नसतं. आत दगडी गुंडा, बाहेर थापटणं, आणि त्या दोहोंच्या मधे माती सरकत सरकत बूड मिटत जातं. हे करताना आजोबा डोळे मिटून घेत. आवाज ऐकत असत, असं आता वाटतं.

त्यांचे आजोबा पोर होते तेव्हा घाटाचं काम चाललं होतं. २५ बोगदे, १८६१ मध्ये तर ४०,००० हून जास्त माणसं तिथं राबत होती. १८६३ मध्ये गाडी वर गेली. त्याआधी १८५९-६० मध्ये पटकीची साथ आली. घरातली गोष्ट अशी, की माणूस गेला की राहुटीतली मडकी फोडून टाकत, आणि बापलेक नवी घेऊन घाट चढत. तेवढी मडकी पुन्हा कधी खपली नाहीत. त्या पैशाचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही. घाटाच्या इतिहासात मी इंजिनिअर वाचले, पुलांची मापं वाचली. मला ती फुटलेली मडकी मोजावीशी वाटतात.

पुढे जर्मनची भांडी आली, मग प्लास्टिकच्या घागरी. कावड माळ्यावर गेली. थापटणं माझ्याकडे आहे, मुठीपाशी झिजून अंगठ्याच्या आकाराचं झालेलं.

मागच्या पौषात वाडीवर पोपटीला गेलो होतो. बाजारातून आणलेली दोन मडकी पाल्याशेजारी ठेवली होती. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीनं एक उचललं, कानाशी धरलं, पेरानं टक्‌ केलं. खाली ठेवलं. दुसरं घेतलं.