गुठळी आणि गणती

पायाच्या शिरेत साकळलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत अडकली, तर बरा होत आलेला रोगीही क्षणार्धात दगावू शकतो. अशा रोग्यास रक्त गोठू न देणारे हेपॅरिन द्यावे, असे डॉक्टरांना वाटत होते. पण वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे बॅरिट आणि जॉर्डन या दोघा डॉक्टरांनी कोणास औषध द्यावयाचे हे दैवावर सोपवून रोग्यांचे दोन गट पाडले, आणि १९६० साली आपली गणती प्रसिद्ध केली.

औषधावाचून राहिलेल्या १९ जणांपैकी ५ जण गुठळीने दगावले. आणखी ५ जणांना तिने पुन्हा गाठले, पण ते वाचले. औषध घेतलेल्या १६ जणांत गुठळीचा बळी एकही नव्हता. ही तफावत पाहिल्यावर कोणासही औषधावाचून ठेवणे त्यांना रास्त वाटेना.

मात्र त्या १६ जणांतही एक मृत्यू झाला होता. शवपरीक्षेत न्यूमोनिया आणि आतड्यातील रक्तस्रावी व्रण आढळला. हा मृत्यू कोणत्या रकान्यात मांडावयाचा? केवळ गुठळीचे बळी मोजले, तर औषध निर्दोष दिसते. सर्व मृत्यू मोजले, तर ते श्रेष्ठ ठरतेच, पण रक्तस्रावाची शंकाही उरते. त्या दोघांनी तो मृत्यू लपविला नाही.

आज अशा प्रयोगांत नव्या गुठळ्या, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांची वेगवेगळी नोंद होते. औषधाच्या वहीतही जमेसमोर खर्च लिहावाच लागतो. कारण तिथला प्रत्येक आकडा हा एक माणूस असतो.