मुंबईच्या गोदींतील अग्निप्रलय

विमानांतून नगरांवर बाँब टाकून निःशस्त्र नागरिकांचा संहार करण्याची युद्धरीति दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानच्या दारापर्यंत येऊन ठेपली. २३ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानें रंगूनवर आलीं, तेव्हां आडोशाला जाण्याऐवजीं असंख्य लोक रस्त्यांत उभे राहून तें अपूर्व दृश्य पाहत होते. हजाराहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या शहराची निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची होती. पुढें १९४२ च्या एप्रिल महिन्यांत कोलंबो व विशाखापट्टण आणि डिसेंबरांत कलकत्ता यांवरहि बाँब पडले.

मुंबईनें त्यावरून धडा घेतला. रस्त्यांतील दिवे झांकले गेले, खिडक्यांना काळे कागद लागले, भोंगा वाजतांच कोठें जावें हें लोकांना शिकविण्यांत आलें. साऱ्या नगराचे डोळे आकाशाकडे लागले होते. परंतु शत्रूच्या विमानांनीं मुंबईवर बाँब टाकले नाहींत. मृत्यु आला तो समुद्रमार्गानें, मित्रपक्षाच्याच बोटींतून. आणि दोन दिवस तो धक्क्याला लागून उभा होता.

'फोर्ट स्टाइकीन' ही बोट १२ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत आली. तिच्या पोटांत सुमारें १४०० टन दारूगोळा व स्फोटक द्रव्यें होतीं आणि त्यांच्या जोडीला कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारों गांठी होत्या. कापूस आणि दारू एके ठिकाणीं ठेवूं नये, हें दिवाळींत फटाके विकणाऱ्या दुकानदारासहि कळतें. असा माल धक्क्यापासून दूर समुद्रांत उतरवून घेण्याचा परिपाठ होता. युद्धाच्या घाईंत तो बाजूस राहिला.

१४ एप्रिलला दुपारीं दोनच्या सुमारास कापसांतून धूर निघूं लागला. बंबवाले धांवून आले. सुमारें ९०० टन पाणी आंत ओतलें गेलें, तरी आग विझेना. बोट दूर न्यावी कीं जागींच बुडवावी, याचा निर्णय वेळेवर झाला नाहीं. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनीं दुसरा. सुमारें हजार मैलांवरील सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. पेटलेला कापूस मांडवीच्या बाजूस वखारींवर आणि चाळींवर पडला. पुष्कळांना वाटलें, अखेर जपानी विमानें आलीं!

अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावतांना कामीं आले. त्यांच्यासह गोदीच्या व बंबखान्याच्या सेवेंतील २३१ माणसें मेल्याची नोंद आहे. बाहेरील नागरिक पांचशेंहून अधिक गेले, आणि एकूण आंकडा १३०० पर्यंत गेल्याचेहि अंदाज आहेत. आंकड्यांतील या अंतराचा विचार केला पाहिजे. ज्याचें नांव हजेरीपटावर होतें तो मोजतां आला. परंतु कोकणांतून व घाटावरून पोटासाठीं येऊन रोज नव्यानें टोळीवाल्यापुढें उभा राहणारा हमाल कोणत्या वहींत शोधावयाचा? गोदीकामगारांच्या रोजगाराचें नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ सालीं.

जपानच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें दुसऱ्याच दिवशीं ही वार्ता जगाला सांगितली. येथील वार्ताहरांना मात्र आपलीं वृत्तें बाहेर पाठविण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मिळाली. शत्रूला जें ठाऊक होतें तें स्वजनांपासून झांकून काय साधलें, हा प्रश्न उरतोच.

१४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या ६६ वीरांना मानवंदना दिली जाते. तें सर्वथा योग्यच आहे. परंतु त्या दिवसाची दुसरी शिकवणहि विसरतां कामा नये. नागरिकांना भोंग्याचा अर्थ शिकविला, एवढ्यानें नगराचें संरक्षण पुरें होत नाहीं. त्यांच्या वस्तीशेजारीं काय आणून ठेविलें आहे आणि संकटकाळीं हुकूम कोणाचा चालावयाचा, हेंहि आधींच ठरलेलें आणि लोकांना ठाऊक असलेलें असावें लागतें. मुंबईंत त्या दुपारीं वाळूच्या बादल्या भरलेल्या होत्या. उणीव होती ती याच गोष्टींची.