गॅस स्प्रिंग (खुर्चीची)

कार्यालयीन फिरत्या खुर्चीची बैठक वर-खाली करणारी, दाबाखालील वायूवर चालणारी यंत्रणा. नावात स्प्रिंग असली तरी उचलण्याचे काम गुंडाळीची तार करत नाही. ते बंद नळीत भरलेला नायट्रोजन करतो. नळीतल्या दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वायू असतो आणि मधली वाट एका झडपेने बंद असते. बैठकीखालचा दांडा ओढला की नळीच्या टोकाची खुंटी दाबली जाते, झडप उघडते व वायू इकडून तिकडे जाऊ लागतो. दांडा सोडताच वाट बंद होऊन बैठक त्याच उंचीवर थांबते.

वायूचा उचलजोर साधारण ३०० ते ४०० न्यूटन, म्हणजे ३०-४० किलो वजनाएवढा असतो. म्हणून दांडा ओढला की रिकामी खुर्ची आपसूक वर येते, मोठा माणूस बसला असेल तर खाली जाते. लहान मुलाने मात्र दांडा कितीही ओढला तरी ती खाली जात नाही.

नळीची दोन्ही टोके किंचित निमुळती असून पायथ्यात व बैठकीखाली नुसती घट्ट बसवलेली असतात. स्क्रू नसतो, बसणाऱ्याचे वजनच हा सांधा आवळते. त्यामुळे जुनी नळी काढताना बहुधा हातोडी लागते.

सील झिजले की बसल्या बसल्या खुर्ची खचू लागते. अशी नळी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. आतला वायू मोठ्या दाबाखाली असल्याने ती कापू, तापवू किंवा भोक पाडून उघडू नये.