सुप्याच्या बाजारात काय जळालं?

आजचा भाग घरातूनच सुरू करतो.

माझ्या आजीच्या फोनवर बँकेचा मेसेज येतो, पेन्शन जमा झाली म्हणून. ती तो नीट वाचते, फोन बाजूला ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उन्हातान्हात बँकेत जाऊन पासबुकावर तेच छापून आणते. मी चिडतो. "अगं, मेसेज आलाय ना?" तर म्हणते, "मेसेज त्यांच्याकडचा. छापलेलं माझ्याकडं राहतं."

तिला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका पतसंस्थेचं शटर एका सकाळी उघडलंच नाही. आजीची ठेव होती तिथं. पावती अजून ट्रंकेत आहे, पैसे अर्धेच आले. त्यामुळे बँक, सरकार, पतसंस्था, सगळ्यांकडे ती एकाच नजरेनं बघते.

मला हे जुन्या माणसांचं खूळ वाटायचं. मग १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांबद्दल वाचायला बसलो, आणि पासबुक हा शब्द चक्क तिथल्या गोष्टीत सापडला. तो कुठे येतो ते शेवटी सांगतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे तेच, आता बारामती तालुक्यात आहे. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. मागणी काय? पैसे नाही, दागिने नाहीत. कागद द्या. कर्जरोखे, खतं, वह्या, कोर्टाचे हुकूमनामे. हातात आले की ढीग करायचा आणि पेटवायचा. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पण नंतर चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानंच नोंदवलंय की जिथं सावकारानं कागद गुपचूप दिले तिथं बहुतेक वेळा पुढे काही झालं नाही. नाही दिले तर मारहाण. दोनेक महिन्यांत हे लोण नगर जिल्ह्यात पोचलं, तिसाहून जास्त गावांत. शेकडो लोक पकडले गेले.

आता शाळेतल्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं: सावकार लुटत होते, शेतकरी चिडले. मला प्रश्न पडला तो वेगळा. कर्ज देणारे तर पिढ्यान् पिढ्या होते. मग आताच का, आणि कागदावरच राग का?

कारण कागदाला नवं बळ आलं होतं. पूर्वी सावकाराला गावात राहायचं, गावाकडूनच वसूल करायचं. फार ताणलं तर पाटील, पंच, भाऊबंद मध्ये पडायचे. इंग्रजी दिवाणी कोर्टं आली आणि हे सगळं बाजूला पडलं. कोर्ट विचारायचं एकच: रोख्यावर निशाणी तुझी आहे का? शेतकऱ्याला लिहिता यायचं नाही, तो सहीऐवजी नांगराची निशाणी करायचा. वर काय लिहिलंय ते सावकार किंवा त्याचा कारकून सांगेल ते. कोर्टाचं समन्स आलं तरी बरेच जण जायचेच नाहीत, आणि मग निकाल एकतर्फी. त्यावर जमीन, घर, बैल, सगळ्यावर जप्ती आणता यायची. माणसाला तुरुंगातही टाकता यायचं.

यात एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. १८५९ मध्ये सरकारनं मुदतीचा कायदा केला: रोखा तीन वर्षंच चालेल. हेतू चांगला, व्याज साचत जाऊ नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल.

फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांचं व्याज ७२. नवा रोखा १७२ चा. पुन्हा तीन वर्षं, २९५ च्या वर. आणखी तीन वर्षं, साधारण ५०९. मधे काही फेडलं असेल तर त्याची पावती मिळेलच असं नाही. आणि दर वेळी निशाणी करणारा तोच शेतकरी, म्हणजे कोर्टात तो स्वतःच "कबूल" म्हणालेला. मला इथं लोन ॲपवाले आठवले. "मला मान्य आहे" वर आपण टिचकी मारतो, खालचं कोण वाचतो?

हे सगळं चाललं असताना मध्ये एक सुगीही येऊन गेली. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईत पैशाचा पूर आला आणि तिथून तो सावकारांमार्फत खेड्यात गेला. कापसाच्या एका एकरावर शंभर-शंभर रुपये उचल दिल्याच्या नोंदी आहेत. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच झटक्यात मुंबईत शेअरबाजार बुडाला आणि १८६८ पर्यंत बँक ऑफ बॉम्बेही गेली. तिच्यात सरकारचा हिस्सा होता, संचालक मंडळावर सरकारनं नेमलेली माणसं होती! ती वेगळ्या भागाची गोष्ट आहे, पण लक्षात ठेवा: शहरातही तेव्हा लोकांनी सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवून हात पोळून घेतले होते.

खेड्यात हीच वेळ साधून सरकारनं तीस वर्षांनी शेतसाऱ्याची फेरआकारणी केली. १८६७ ला इंदापूरपासून सुरुवात. सारा वाढला, काही ठिकाणी दीडपट, काही ठिकाणी दुप्पट. सारा रोख भरायचा, वेळेवर भरायचा. पैसे कुठून आणायचे? सावकाराकडून. आणि मुंबईचा पैसा आटल्यावर सावकारानं हात आखडता घेतला. म्हणजे शेतकऱ्यांचा राग व्याजावर होता तसा "आता देत नाही" यावरही होता.

ठिणगी आधीच पडली होती. डिसेंबर १८७४, शिरूर तालुक्यातलं करडे. काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गावानं हाणामारी केली नाही, बहिष्कार घातला. सावकाराच्या दुकानात जायचं नाही, त्याचं शेत कसायचं नाही. न्हावी, परीट, चांभार, कोणीच त्याचं काम करेना. ही तऱ्हा पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याच्या गावांत पसरली. सुप्याची आग त्यानंतरची.

सरकार घाबरलं, १८५७ फार जुनं नव्हतं. आयोग नेमला. त्याला हेही विचारलं होतं की आमचा सारा या दंग्याचं कारण आहे का? आयोगानं ढीगभर साक्षी घेतल्या आणि सांगितलं, नाही, कारण सावकार. १८७८ ला अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. पुण्याची सार्वजनिक सभा साऱ्याबद्दल ओरडून सांगत होती, ते बाजूलाच राहिलं. सावकार काही साधू नव्हते. पण आरोपीनंच न्यायाधीश नेमल्यावर निकाल कुणाच्या बाजूनं लागणार?

तरी १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा वाचण्यासारखा आहे. कोर्टानं फक्त निशाणी बघायची नाही, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास काढायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंग नाही. रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर. फेडलेल्या पैशाची पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क. आणि हो, हिशेब लिहिलेलं पासबुक मागायचाही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग! उगाच जाते का मी?"

सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचं. तोंडी ठरायचं की पैसे फेडले की जमीन परत. कागदावर मात्र विक्री. मग हे खरेदीखत खरं की गहाण, हे कोर्टाला तपासता यावं म्हणून कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली. आणि हे तिथंच संपलं नाही. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा उघडून बघा, बेकायदा सावकारीत अशी लिहून घेतलेली जमीन परत मिळवून द्यायची तरतूद त्यातही करावी लागलीय. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा लागतो.

तुमच्या घरी जुन्या ट्रंकेत असे रोखे, खतं असतील तर टाकून देऊ नका. मोडीत असले तरी फोटो काढून ठेवा, वाचणारी माणसं अजून आहेत. आणि पाठवलेत तर मलाही बघायला आवडतील. भेटू पुढच्या भागात, बँक ऑफ बॉम्बे घेऊन.