जलतापक, घरगुती : स्वयंचलित नियंत्रणाचा इतिहास

स्नान, धुणे व भांडी घासणे यांसाठी घरात लागणारे पाणी तापविण्याच्या साधनास जलतापक म्हणतात. विजेवर किंवा ज्वलनशील वायूवर चालणारा जलतापक व्यवहारात गीझर या नावाने ओळखला जातो. पाणी तापविण्याच्या कामात तीन निर्णय अंतर्भूत असतात : पाणी किती तापवावयाचे, केव्हा तापवावयाचे आणि कोणत्या ऊर्जेने तापवावयाचे. परंपरेने हे निर्णय घरातील माणूस, बहुधा स्त्री, घेत असे. जलतापकाच्या स्वयंचलनाचा इतिहास म्हणजे हे तीन निर्णय एकेक करून उपकरणाकडे सोपविले जाण्याचा इतिहास होय. पहिला निर्णय एकोणिसाव्या शतकात, दुसरा विसाव्या शतकात आणि तिसरा एकविसाव्या शतकात उपकरणाच्या कक्षेत आला.

पारंपरिक पद्धती : महाराष्ट्रात न्हाणीघरातील चुलीवर हंडा ठेवून किंवा तांब्याच्या बंबात पाणी तापविण्याची पद्धत होती. बंब हे तांबट कारागिरांनी घडविलेले दंडगोलाकार पात्र असून त्याच्या मधोमध उभी नळी व तळाशी जाळी असते. नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या किंवा कोळसा पेटवितात व नळीभोवतीचे पाणी तापते. जाळ सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्याने उघड्या चुलीपेक्षा बंबात जळण कमी लागते. रशियातील सामोव्हार या चहाच्या पात्राची रचनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे. काही बंबांत वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले असता तेवढेच ऊन पाणी तोटीतून बाहेर पडते, त्यामुळे बंब कायम भरलेला राहतो.

या पद्धतीत तापमानाचे नियमन विसणाने होत असे. कढत पाणी घंगाळात किंवा बादलीत काढून त्यात अंगाला सोसेल इतके थंड पाणी मिसळणे म्हणजे विसण घालणे. ६०° से. तापमानाच्या पाण्यात २०° से. तापमानाचे तितकेच पाणी मिसळल्यास स्नानायोग्य असे सु. ४०° से. तापमानाचे दुप्पट पाणी मिळते. तान्ह्या मुलासाठी, आजाऱ्यासाठी व कामावरून आलेल्या माणसासाठी विसण वेगवेगळे असे आणि त्याचा अंदाज हाताला असे. पहाटे सर्वांआधी उठून बंब पेटविणे हे वेळेचे नियमन होते, तर जळण उपलब्धतेनुसार बदलत असल्याने इंधनाची निवडही रोज करावी लागे.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील म्हसवड हे माणगंगा नदीवरील गाव व त्यालगतचा सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका यांचा समावेश असलेल्या माणदेशात ही निवड विशेष कठीण होती. अवर्षणप्रवण प्रदेश असल्याने येथे झाडी विरळ असून ज्वारी-बाजरीची धसकटे, बाभळीचे लाकूड व शेणाच्या गोवऱ्या हेच मुख्य जळण होते. दुष्काळात जनावरे छावणीत गेली की गोवऱ्याही दुर्मिळ होत. २०१८–१९ च्या दुष्काळात म्हसवड येथे मोठी चारा छावणी चालविण्यात आली होती. अशा प्रदेशात ऊन पाण्याचा प्रश्न मुळात पाणी व जळण या दोहोंच्या टंचाईचा होता, ही गोष्ट पुढील तांत्रिक इतिहास पाहताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तापमानाचे नियंत्रण : तापमान आपोआप स्थिर राखणारे आरंभीचे एक साधन कोर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने १६२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी तयार केले. पाऱ्याच्या प्रसरणाने भट्टीची झडप कमीअधिक मिटत असे. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने द्विधातवीय पट्टीवर आधारलेल्या नियंत्रकाचे एकस्व (पेटंट) घेतले व त्यास थर्मोस्टॅट हे नाव दिले. कमीअधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्यास तापल्यावर त्या वाकतात. या वाकण्याने झडप अथवा विद्युत् मंडल उघडता वा मिटता येते.

१८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी वायूवर चालणारा तात्कालिक जलतापक तयार केला व आइसलँडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्यास गीझर हे नाव दिले. इंग्रजी अमदानीत हा शब्द भारतात रुळला. मॉन यांच्या उपकरणात तापमानाचे नियंत्रण नव्हते व धूर बाहेर नेण्याची सोयही नव्हती. हा दोष आजही उद्‌बोधक आहे, कारण हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात वायूचा गीझर वापरल्याने कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत. नॉर्वेत जन्मलेले एडविन रूड यांनी १८८९ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे स्वयंचलित साठवण जलतापक विकसित केला. टाकीतील पाणी ठराविक तापमानाखाली गेले की ज्वाला वाढे व पाणी तापले की ती मंद होई. विसणाचा अंदाज उपकरणाच्या स्वाधीन करण्याचा हा पहिला यशस्वी घरगुती प्रयत्न होय.

पुढे विजेच्या जलतापकात हेच तत्त्व अवलंबिले गेले. भारतातील साठवण प्रकारच्या विद्युत् जलतापकांसाठी आयएस २०८२ हे भारतीय मानक आहे. अशा जलतापकात तापनियंत्रक, तो बिघडल्यास वीज तोडणारा स्वतंत्र तापविच्छेदक आणि जादा दाब मोकळा करणारी झडप अशी तीन साधने असतात. नियंत्रण व संरक्षण ही दोन भिन्न कामे होत, हे तत्त्व या रचनेत सामावलेले आहे.

वेळेचे नियंत्रण : विजेची मागणी रात्री ओसरते, परंतु मोठी वीजकेंद्रे एकदम थांबविता येत नाहीत. त्यामुळे रात्री पाणी तापवून दिवसा वापरावे, यासाठी अनेक देशांतील वीजमंडळांनी सवलती दिल्या. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून वीजवाहिनीतूनच निराळ्या कंप्रतेचे संकेत पाठवून घरोघरच्या जलतापकांचा पुरवठा दुरून बंद वा चालू करण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दराची योजना सुरू झाली. जलतापकातील साठा म्हणजे एक प्रकारचा ऊर्जासाठाच असल्याने घरातील इतर कोणत्याही मोठ्या उपकरणापेक्षा तो वेळेच्या नियंत्रणास अधिक अनुकूल ठरला.

महाराष्ट्रात कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून मिळू लागली आणि पुढील दशकांत वीज ग्रामीण भागात पोहोचली. तथापि २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागास दीर्घ भारनियमन सोसावे लागले. विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा कालस्विच वीज गेली की थांबतो व पुन्हा सुरू झाल्यावर तितकाच मागे पडतो. त्यामुळे पहाटे पाचसाठी लावलेला स्विच काही दिवसांतच दुपारी पाणी तापवू लागतो. घड्याळावर आधारलेले स्वयंचलन पुरवठा अखंड असल्याचे गृहीत धरते. जेथे हे गृहीत टिकत नाही, तेथे वेळेबरोबर परिस्थितीही जाणणारे नियंत्रण लागते.

ऊर्जेच्या निवडीचे नियंत्रण : सौर जलतापकाचे एकस्व १८९१ मध्ये बॉल्टिमोर येथील क्लॅरेन्स केंप यांनी घेतले. १९०९ मध्ये विल्यम बेली यांनी उष्णता शोषणारा संग्राहक व निरोधित टाकी वेगळी केली. टाकी संग्राहकाच्या वर बसविल्यास तापलेले हलके पाणी आपोआप वर चढते व थंड पाणी खाली येते. कोणत्याही पंपाविना व संवेदकाविना चालणारे हे अभिसरण स्वयंचलनाचा सर्वांत साधा नमुना होय. भारतीय परिस्थितीत रोज १०० लि. पाण्यासाठी सु. २ चौ. मी. संग्राहक पुरतो. तितके पाणी २०° पासून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. ४·७ युनिट वीज लागली असती. वर्षातील बहुतेक काळ आकाश निरभ्र असणाऱ्या माणदेशास ही पद्धत विशेष योग्य आहे.

ढगाळ दिवसांसाठी सौर टाकीत विजेची कॉइल बसवितात आणि तेथेच तिसरा निर्णय निर्माण होतो. कॉइल केवळ तापनियंत्रकावर सोडली, तर संध्याकाळी ऊन पाणी वापरल्यावर ती रात्रीच सर्व टाकी तापविते व दुसऱ्या दिवशी सूर्याला काम उरत नाही. उपकरण निर्दोष चालत असूनही वीज वाया जाते. हा दोष दूर करण्यासाठी तापमान, वेळ व ऊर्जेचा स्रोत यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

संगणकीय आज्ञावलीचा उपयोग : स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत विकसित केली. तीत घरातील वीजतारांतूनच संकेत पाठवून उपकरणे चालू वा बंद करता येत. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील दूरस्थ मापनासाठी एमक्यूटीटी ही अल्पशब्दी संदेशपद्धती तयार झाली व ती पुढे घरगुती संवेदकांसाठीही वापरली जाऊ लागली. २०१० मध्ये काय क्रॉयट्सर यांनी ओपनहॅब व २०१३ मध्ये पॉलस स्खाउटेन यांनी होम असिस्टंट ही मुक्त आज्ञावली सुरू केली. २०१२ मध्ये आलेला रास्पबेरी पाय हा अल्पमोली संगणक व २०१४ पासून मिळू लागलेले ईएसपी८२६६ हे बिनतारी जोडणीचे एकक यांमुळे सामान्य घरातही असे नियंत्रण शक्य झाले. या आज्ञावल्या घरातील संगणकावरच चालू शकत असल्याने इंटरनेट खंडित झाले तरी काम थांबत नाही. ग्रामीण भागात हा गुण महत्त्वाचा ठरतो.

अशा आज्ञावलीत प्रत्येक नियम घटना, अट व कृती या तीन अंगांनी लिहितात. उदा., पहाटे पाच वाजणे ही घटना; सौर टाकीतील तापमान ४५° से. पेक्षा कमी असणे व छतावरील टाकीत पाणी असणे या अटी. आणि कॉइल चालू करणे ही कृती. पुरेसे तापमान येताच दुसरा नियम कॉइल बंद करतो. पाणीपुरवठा अनियमित असणाऱ्या गावांत पाण्याची अट सर्वांत महत्त्वाची असते, कारण टाकी रिकामी असताना कॉइल चालू झाल्यास ती जळते. ऋतुमानाचा विचारही यात करता येतो : एप्रिल-मेमध्ये गच्चीवरील टाकीतील पाणी उन्हानेच इतके तापते की जलतापकाची गरज क्वचितच भासते.

मर्यादा व सुरक्षा : २५ लि. पाणी २०° पासून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. १·२ युनिट वीज व २ किवॉ.च्या कॉइलला सु. ३५ मिनिटे लागतात. या कॉइलमधून सु. ९ अँपिअर प्रवाह वाहतो. त्यामुळे दिव्यांसाठीचे हलके रिले येथे धोकादायक ठरतात. १६ अँपिअर वा अधिक क्षमतेचा स्विच अथवा काँटॅक्टर वापरावा लागतो. वीज जाऊन परत आल्यावर स्विच बंद स्थितीत राहील अशी योजनाही आवश्यक असते. आज्ञावली, संवेदक किंवा बिनतारी जोडणी केव्हाही निकामी होऊ शकते. म्हणून मूळ तापनियंत्रक, तापविच्छेदक, दाबमोचक झडप व भूयोजन (अर्थिंग) ही साधने काढून टाकणे किंवा त्यांना वळसा घालणे सर्वथा वर्ज्य होय.

तापमान किती ठेवावे, यातही द्वंद्व आहे. साठ्याचे पाणी दीर्घकाळ कोमट राहिल्यास त्यात लिजिओनेला जंतू वाढू शकतात. १९७६ मधील फिलाडेल्फियातील साथीमुळे या जंतूंचा शोध लागला. ते टाळण्यासाठी साठा सु. ६०° से. ठेवणे इष्ट असते, परंतु तितके ऊन पाणी थेट अंगावर पडल्यास काही सेकंदांतच भाजते व कठीण पाण्यातील क्षारांचा थरही कॉइलवर लवकर साचतो. साठा गरम ठेवून वापराच्या वेळी थंड पाणी मिसळणे, म्हणजे विसणच, हा यावरील उपाय आधुनिक मिश्रण झडपांनीही स्वीकारला आहे.

भारत सरकारने जून २०२३ मध्ये विद्युत् ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या आठ सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद केली. त्यामुळे स्वस्त वेळ रात्रीकडून दुपारकडे सरकण्याची शक्यता निर्माण झाली. तथापि दुपारी तापविलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत लहान टाकीत साठविल्यास उष्णतेची हानी या सवलतीहून अधिक होऊ शकते. लाभ व्हावयाचा तर टाकीचे निरोधन उत्तम हवे किंवा स्नानाची वेळ संध्याकाळची हवी. घरातील माणसे किती, पाणी केव्हा येते व ते कोणाला किती ऊन लागते, ही माहिती आज्ञावलीला घरानेच पुरवावी लागते. बंब पेटविणाऱ्या गृहिणीच्या ठायी हे ज्ञान होते. ते नियमांत नेमके उतरविले, तरच पहाटेचे तिचे कष्ट व जळणाचा खर्च खऱ्या अर्थाने वाचतो.